उघड्यावर निजणाऱ्यांसाठी: गाडगेबाबांच्या धर्मशाळांची वाटचाल

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. वऱ्हाडातली पौषाची थंडी, नदीचे गार पाणी आणि आंघोळीसाठी दुरून आलेली माणसे. सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसांना पाण्यात उतरायला पायऱ्या नव्हत्या. काळ्या मातीची निसरडी दरड उतरताना म्हातारेकोतारे घसरत आणि बाया लेकरे कडेवर घेऊन चिखलात बसत. घरदार सोडून फिरणारा, अंगावर चिंध्या पांघरलेला तिशीतला एक माणूस या दरडीवर फावडे घेऊन उभा राहिला. त्याला पाहून यात्रेतले आणखी हात लागले. १९०८ च्या सुमारास तिथे घाटाचे काम झाले. गाडगेबाबांच्या धर्मशाळांचा इतिहास सांगताना मी या घाटापासून सुरुवात करतो, कारण पुढच्या प्रत्येक इमारतीची रीत इथेच ठरली. माणसे कुठे पडतात, कुठे भिजतात, कुठे उघड्यावर निजतात हे आधी पाहायचे आणि बांधकाम तिथेच काढायचे.

बाबांच्या जन्माला २०२६ मध्ये १५० वर्षे झाली. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. चरित्र सर्वांना ठाऊक आहे म्हणून त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. या मुलाचे घर दोनदा मोडले. पहिल्यांदा बापाच्या दारूपायी. झिंगराजी व्यसनात गेले आणि विधवा सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, मामांची शेती स्वतःची समजून पिकवली. मग सावकाराच्या कर्जात तीही गेली. खालची जमीन सरकते म्हणजे काय होते, हे त्यांना कीर्तनकार होण्याच्या कितीतरी आधी कळले होते. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते दारू, कर्ज आणि अडाणीपणा यांच्यावर तुटून पडले, ते याच अनुभवातून. माणूस बेघर कसा होतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. त्या गाडग्यातच भिक्षा, त्यातच पाणी, आणि ऊन लागले तर तेच डोक्यावर. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि पहाटे निघून जायचे. निजायला वेशीबाहेरचे झाड, नाहीतर एखादा ओटा. सुमारे पन्नास वर्षे हा माणूस स्वतःहून बेघर राहिला आणि त्याच काळात त्याने इतरांसाठी एकामागून एक इमारती उभ्या केल्या.

या इमारती कशा उभ्या राहिल्या, ते सविस्तर सांगायला हवे. बाबांकडे ना जहागीर होती, ना पाठीशी संस्थानिक. होते ते कीर्तन. शेतकरी, हमाल, व्यापारी, गिरणी कामगार, सरकारी अधिकारी अशी हजारोंची गर्दी त्यांना ऐकायला जमे. बाबा त्यांना प्रश्न विचारीत आणि लोकांच्या तोंडूनच उत्तर वदवून घेत. देव दगडात आहे की भुकेल्यात, हे त्यांच्याकडूनच काढून घेत. एकदा ते उत्तर गर्दीने मोठ्याने दिले, की मदत मागणे सोपे होई. कुणी दगड देई, कुणी चुना, कुणी सागाचे वासे, कुणी आठ दिवसांची अंगमेहनत. रोकड असेल तिचा हिशेब ठेवायला विश्वासू माणसे नेमलेली असत आणि बाबा स्वतः पैशापासून दूर राहत. गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलताना मात्र ते पहिल्या रांगेत असत. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर या दोघांनीही बाबांची चरित्रे लिहिली. दांडेकर तर उमेदीच्या वयात बाबांबरोबर हिंडले होते.

दुसरी गोष्ट मालकीची. बांधून झालेली धर्मशाळा बाबा विश्वस्तांच्या हाती देत आणि पुढच्या गावाला निघत. आपल्या नातलगांचा तिथे कसलाही हक्क राहू नये, याबद्दल ते कमालीचे काटेकोर होते. पत्नी कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत राहिल्या. नवऱ्याच्या शब्दावर ठिकठिकाणी दगडी इमले उठत असताना घरच्या बाईच्या वाट्याला झोपडी यावी, हे वाचताना आजही मन चरकते. या निर्णयाचे ओझे कुंताबाईंनी वाहिले आणि त्याची नोंद धर्मशाळांच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. पण याच कठोरपणामुळे या वास्तू कुणा घराण्याची मिळकत झाल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

आता पंढरपूर. आषाढी आणि कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो वारकरी उतरतात. मठ आणि धर्मशाळा पूर्वीही होत्या, पण त्यांच्या दारावर जात विचारली जाई. शेकडो मैल पायी चालत आलेला महार किंवा मांग वारकरी देवळाबाहेरून कळसाला हात जोडी आणि आषाढातला पाऊस अंगावर घेत नदीकाठी पडून राही. ज्या चोखोबांचे अभंग सगळी दिंडी गात असे, त्यांची समाधी महाद्वारापाशी, पायरीलगत. चोखोबांच्या भाऊबंदांना मात्र त्या गावात पाठ टेकायला जागा नाही. बाबांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात या माणसांसाठी धर्मशाळा बांधली आणि तिला संत चोखामेळ्यांचे नाव दिले. विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. म्हणजे देवळाचे दार उघडण्याच्या सुमारे पाव शतक आधी धर्मशाळेचे दार उघडले होते.

बाबा स्वतः देवळात जात नसत. वारीच्या दिवसांत ते वाळवंट झाडत. यात्रा म्हणजे घाण, घाण म्हणजे पटकी, हे त्या काळी पंढरपूरला वेगळे सांगावे लागत नव्हते. झाडून झाले की कीर्तन, कीर्तन झाले की पंगत. या पंगतीत आंधळे, पांगळे, महारोगी पहिल्यांदा बसत. धर्मशाळेबरोबर सदावर्त आलेच, कारण छप्पर मिळालेल्या भुकेल्या माणसाला रात्र मोठीच वाटते. ऋणमोचनच्या यात्रेतही अपंगांना जेवण आणि अंगावर घालायला कपडा देण्याचा त्यांचा परिपाठ वर्षानुवर्षे चालला.

चोखामेळा धर्मशाळेचे पुढे काय झाले, तो या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. १९४९ मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. वारीचे चार दिवस निवारा देणारी जागा आता वर्षभर शिकणाऱ्या मुलांच्या कामी यावी, हा त्यामागचा विचार. आपण बांधलेल्या वास्तूचा उपयोग काळाप्रमाणे बदलू द्यायला संस्थापकाचे मन मोठे असावे लागते. दलित मुलांना शहरात खोली मिळत नव्हती, म्हणून शाळा असूनही शिकता येत नव्हते. निवाऱ्याची गरज यात्रेतून शिक्षणाकडे सरकली होती आणि बाबांनी ती ओळखली.

पंढरपूरशिवाय नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इथेही धर्मशाळा झाल्या. नाशिकला गोदेच्या काठी सिंहस्थाला आणि दशपिंडाच्या विधींना येणारे लोक, आळंदीला कार्तिकीचे वारकरी, अशी प्रत्येक ठिकाणची गर्दी वेगळी. तपशील ज्या त्या ठिकाणच्या दप्तरात आहेत, इथे नुसता उल्लेख पुरे.

खरा बदल मुंबईत झाला. भायखळ्याचे सर जे. जे. रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. कोकण, घाट, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडून तिथे रोगी येत. रोग्याला खाट मिळाली तरी त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, भावाला, म्हाताऱ्या आईला कोण विचारणार? त्यांची वळकटी फुटपाथवर पसरलेली असे. तीन दगडांची चूल, मडक्यात भात, आणि पाऊस आला की गाठोडे उचलून दुकानाच्या फळीखाली. गावाकडे या माणसांना घर होते, पण मुंबईत आजार संपेपर्यंत ती बेघरच होती. बाबांनी जे. जे.च्या शेजारी रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली, ती १९५० च्या दशकात. धर्मशाळा म्हणजे तीर्थक्षेत्री बांधायची वास्तू, हा आपल्याकडचा शेकडो वर्षांचा रिवाज. तो मोडून त्यांनी ती दवाखान्याच्या दाराशी आणली. यात्रेकरूच्या जागी रोगी आला. माझ्या मते बाबांच्या सगळ्या बांधकामांत हे सर्वांत दूरदृष्टीचे.

याच सुमारास, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. वय पंचाहत्तरीला आले होते, शरीर थकले होते आणि विखुरलेल्या संस्थांना एक छत्र हवे होते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलांना शिक्षण, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावरांना अभय अशी कामांची जी यादी बाबांच्या नावाने आज भिंतींवर रंगवलेली दिसते, तिच्यात बेघराला आसरा हेही एक कलम आहे. मिशनने पुढच्या काळात आदिवासी आणि भटक्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवल्या, वसतिगृहे चालवली. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९५६ चे वर्षअखेर महाराष्ट्राला जड गेले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबा आधीच आजारी होते, त्या बातमीने आणखी खचले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, मोटारीतच त्यांचा श्वास थांबला. इतक्या छपरांचा हा कर्ता गेला तो वाटेवरच.

बाबांच्या पश्चात धर्मशाळेच्या कल्पनेची सर्वांत मोठी कसोटी लागली ती कर्करोगाच्या बाबतीत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तिथे महाराष्ट्राबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, झारखंड अशा दूरदूरच्या भागांतून माणसे येतात. या आजारात मुक्काम का लांबतो, हे समजून घेतले पाहिजे. किरणोपचार बहुधा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. रोजचे काम काही मिनिटांचे, त्यासाठी खाट मिळत नाही आणि मिळण्याचे कारणही नाही. केमोचा एक डोस झाला की पुढचा बहुतेक वेळा तीन आठवड्यांनी, आणि मध्ये रक्ताची तपासणी. पांढऱ्या पेशी उतरल्या तर डोस पुढे ढकलला जातो. म्हणजे माणूस रुग्णालयाच्या हिशेबात बाहेरचा, पण मुंबईबाहेर जाऊ शकत नाही असा. लॉज चार-आठ दिवस परवडतो. मग जवळचे पैसे संपतात, शेतीचा तुकडा गहाण पडतो आणि एक दिवस फायलीची पिशवी उशाशी घेऊन ते कुटुंब रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर निजू लागते. ज्याच्या अंगातली प्रतिकारशक्ती औषधाच्या दुष्परिणामाने खाली आलेली असते, त्याने धूळ, डास आणि गटाराच्या वासात रात्र काढायची. औषध जे कमावते ते फुटपाथ घालवतो.

दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही या प्रश्नाला मिळालेली ठोस जागा आहे. परळ तिथून जवळ. शेकडो कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे नाममात्र शुल्कात राहतात. या वास्तूत गेल्यावर जाणवते ती तिथली शिस्तीची गजबज. एखादी आई मुलाच्या तोंडाला मास्क लावून जिना चढते, कुणी वऱ्हाडी आजोबा बंगाली शेजाऱ्याला खुणांनी औषधाची वेळ विचारतात, टक्कल झालेली मुले व्हरांड्यात चेंडू लोळवतात. भाषा वेगळी, जात वेगळी, धर्म वेगळा, पण फाइलवरचा आजार एक. नवीन आलेल्याला कोणत्या खिडकीवर नंबर लावायचा, कोणता कागद कुठे लागतो, हे जुना रहिवासी सांगतो. धर्मशाळेने दिलेल्या खाटेइतकाच हा शेजारही उपचाराचा भाग आहे असे मला वाटते. गावातून येऊन एकट्या पडलेल्या बाईला इथे पहिल्यांदा कळते की आपल्यासारखे आणखी आहेत आणि त्यांतले काही बरे होऊन घरी गेले आहेत.

हे सगळे गौरवाने लिहीत असतानाच एक गोष्ट टाळता येणार नाही. दवाखान्याशेजारच्या निवाऱ्यात रुग्णाची चिठ्ठी लागते, ओळखपत्र लागते, बरोबर नातलग लागतो. जागा थोडी आणि मागणारे पुष्कळ, म्हणून हे नियम लागतातच. पण ज्याच्याकडे चिठ्ठी नाही, पत्ता नाही आणि नातलगही नाही, तो बाहेरच राहतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावरच्या माणसांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार आणि मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर नोंदली गेली. एका रात्रीत सापडली तेवढी ही संख्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, असे सांगितले. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वा कोटीच्या घरात होती. त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहर या आकड्याच्या जवळपासही गेलेले नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. बाबा गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. पोटापाण्याचे दिसण्यासारखे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही त्यात भिकारी ठरवता येते आणि धरून वर्षानुवर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या बहुतेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो पुस्तकावर आहे. त्यातली व्याख्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अंगावर चिंध्या, हाती फुटके गाडगे, गावोगाव हिंडणारा, झाडाखाली निजणारा एक माणूस येतो. हा कायदा पन्नास वर्षे आधी आला असता तर डेबूजी जानोरकर त्या व्याख्येत चपखल बसले असते. ज्यांच्या नावाने आपण स्वच्छतेच्या स्पर्धा घेतो, ज्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिले, त्यांच्यासारखा दिसणारा माणूस आपल्या ओट्यावर निजला तर आपण काय करतो? पोलिसाला फोन लावतो. हे बदलायला हवे.

म्हणून धर्मशाळांच्या पुढच्या कामाची दिशा बाबांच्या रीतीनेच शोधली पाहिजे. पूर्णेच्या दरडीवर त्यांनी माणसे घसरताना पाहिली, चंद्रभागेच्या वाळवंटात भिजताना पाहिली, भायखळ्याच्या फुटपाथवर चूल पेटवताना पाहिली. आज तेच पाहायचे तर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या बैलगाड्या आहेत, बांधकामावरून काढून टाकलेले मजूर आहेत, मुलांनी स्टेशनावर सोडलेले म्हातारे आहेत, मनाच्या आजाराने घर विसरलेली बाई आहे. यातल्या कुणाच्याच हातात रुग्णालयाची चिठ्ठी नाही.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना दोन विनंत्या आहेत. आपल्या गावातून कुणी मोठ्या उपचाराला मुंबईला निघाले, तर गाडीत बसवण्याआधी त्यांच्या मुक्कामाची सोय विचारा, धर्मशाळेशी बोलून जागेची खात्री करा, कागदपत्रांच्या प्रती काढून द्या. दान देणार असाल तर खोलीवर नाव कोरण्यासाठी देण्यापेक्षा पाण्याच्या, विजेच्या, चादरी धुण्याच्या खर्चासाठी द्या, कारण धर्मशाळा बांधून एकदाच होते आणि चालवावी रोज लागते. दुसरी विनंती याहून सोपी आहे. एका रात्री अकरानंतर आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात आणि एस.टी. स्टँडवर फेरी मारून या. तिथे किती माणसे उघड्यावर निजली आहेत ते मोजा आणि तो आकडा आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेत सांगा.